तुमचे प्रश्न: मर्स्कने एवढ्या कंपन्या विकत घेतल्या, तरी पहिला नंबर गेला कसा?

गेल्या अंकात न्हावा शेवाहून माल बाहेर कसा जातो यावर लिहिलं होतं, त्यात मर्स्क या डेन्मार्कच्या कंटेनर जहाज कंपनीचं नाव ओझरतं आलं होतं, पण नंतर आलेल्या पत्रांत आणि मेलमध्ये निम्मे प्रश्न मर्स्कचेच. ही कंपनी नक्की कुणाची, बाकीच्या लाइन्स, म्हणजे जहाज कंपन्या, गेल्या कुठे, आपल्याकडे अशी कंपनी का नाही वगैरे. म्हणून यावेळचं सदर तेवढ्यावरच. मी स्वतः फॉरवर्डिंगच्या, म्हणजे एक्स्पोर्टरचा माल जहाजाने पाठवून द्यायच्या धंद्यातला, त्यामुळे उत्तरांत आमची भाषा येणार, सांभाळून घ्या.

कंटेनरचा शोध मर्स्कने लावला असं आमच्या लॉजिस्टिक्सच्या क्लासमध्ये सांगितलं, खरंय का?
— एक विद्यार्थी, उरण

नाही हो, मर्स्क तर या खेळात चांगलीच उशिरा उतरली. कंटेनरचा धंदा उभा केला माल्कम मॅकलीन नावाच्या अमेरिकन ट्रकवाल्याने. २६ एप्रिल १९५६ ला आयडियल एक्स नावाचं एक जुनं टँकर, डेकवर ५८ डबे ठेवून नेवार्कहून ह्यूस्टनला निघालं आणि तिथून सगळं सुरू झालं. त्याच्या कंपनीचं नाव पुढे सी-लँड झालं, हे नाव लक्षात ठेवा, खाली परत येणार आहे.

मर्स्कचं मूळ डेन्मार्कच्या स्वेंडबोर्ग गावात. १९०४ ला ए. पी. मोलर आणि त्याचे वडील, जे स्वतः जहाजाचे कॅप्टन होते, या दोघांनी एक सेकंडहँड वाफेचं जहाज घेऊन कंपनी काढली. १९२८ ला अमेरिकेतून पनामा कालव्यामार्गे आशियात नियमित सर्व्हिस सुरू केली, तीच मर्स्क लाइन. १९४० ला जर्मनीने डेन्मार्क ताब्यात घेतला तेव्हा मोलरचा २६ वर्षांचा मुलगा बायकोला घेऊन अमेरिकेला गेला आणि तिकडून जहाजांचा कारभार बघायला लागला. हा मुलगा म्हणजे मर्स्क मॅकिनी मोलर, १९६५ ला बाप गेल्यावर सूत्रं त्याच्याकडे आली, २०१२ ला ९८ व्या वर्षी वारला आणि जवळजवळ शेवटपर्यंत कंपनीत त्याचा शब्द चालायचा असं म्हणतात. त्याच्याच काळात मर्स्कने कंटेनरची जहाजं बांधून घेतली आणि १९७५ ला पहिली पूर्ण कंटेनर सर्व्हिस अमेरिका ते आशिया सुरू केली. म्हणजे मॅकलीननंतर १९ वर्षांनी. पण उशिरा आल्याचा एक फायदा असा की दुसऱ्यांनी पैसे घालवून काय काय शिकलं ते फुकट बघायला मिळालं, आणि जी कंपनी ते शिकली होती तिलाच पुढे विकत घेता आलं.

वडील द्राक्षं पाठवायचे तेव्हा घरात सी-लँड, पीअँडओ नेडलॉइड, सेफमरीन अशी नावं ऐकू यायची. आता कुणीच दिसत नाही. सगळ्या बुडाल्या का?
— द्राक्ष बागायतदार, पिंपळगाव बसवंत

बुडाल्या नाहीत, तुम्ही घेतलेली तिन्ही नावं मर्स्कच्या पोटात आहेत. ज्या क्रमाने घेतल्या त्या क्रमाने सांगतो.

१९९३ ला मर्स्कने आपल्याच देशातल्या ईस्ट एशियाटिक कंपनीचा कंटेनर धंदा घेतला, ती तशी घरातली गोष्ट. मोठी उडी १९९९ ला. त्या एकाच वर्षात दक्षिण आफ्रिकेची सेफमरीन घेतली आणि सी-लँडचा आंतरराष्ट्रीय धंदाही घेतला, साधारण ८० कोटी डॉलरला. सी-लँड तेव्हा सीएसएक्स या अमेरिकन रेल्वे कंपनीकडे होती, मॅकलीनने ती तीस वर्षांपूर्वीच विकून टाकलेली. कंटेनर ज्याने चालू केला त्याचीच कंपनी एका डॅनिश घराण्याकडे गेली आणि नाव झालं मर्स्क सीलँड. हा सौदा बऱ्यापैकी जमला, कारण दोघांचं आधीपासून जहाजं वाटून घेऊन चालवायचं सहकार्य होतं, एकमेकांची माणसं आणि कामाची पद्धत माहीत होती.

मग २००५. पीअँडओ नेडलॉइड, २३० कोटी युरो. पीअँडओ म्हणजे तीच जुनी ब्रिटिश कंपनी जिची विलायतेची टपाल बोट बॅलार्ड पिअरला यायची. तिचा कंटेनर विभाग आणि डचांची नेडलॉइड नव्वदच्या दशकात एकत्र झाल्या होत्या आणि ती जोडी जगात तिसऱ्या नंबरला होती. मर्स्क पहिल्या नंबरला. पहिल्याने तिसऱ्याला घेतलं, कागदावर जगातल्या कंटेनर क्षमतेपैकी १७-१८ टक्के एका छत्राखाली आले, पेपरात काय कौतुक.

आणि इथेच फसलं. दोन्ही कंपन्यांचं बुकिंग, बिलिंग, डॉक्युमेंटेशन सगळं घाईघाईने एका सिस्टमवर आणायला गेले, ते धड चालेना, इन्व्हॉइस चुकीचे जायला लागले, फोन उचलायला ओळखीचा माणूस नाही कारण तो एकतर सोडून गेला किंवा त्याची बदली झाली. २००६ ला कंटेनरचा धंदा चक्क तोट्यात, जानेवारी २००८ ला दोन-तीन हजार नोकऱ्या कमी करायची घोषणा झाली. पण सिस्टमपेक्षा मोठं कारण वेगळं होतं आणि ते आमच्यासारख्या फॉरवर्डरला लगेच कळतं. कुठलाही शहाणा एक्स्पोर्टर सगळा माल एका लाइनला देत नाही, जहाज लेट झालं, बुकिंग रोल झालं, म्हणजे पुढच्या जहाजावर ढकललं गेलं, तर सगळंच अडकतं. समजा तुम्ही ५० टक्के मर्स्कला आणि ३० टक्के नेडलॉइडला देत होता. एका सकाळी दोघं एक झाले, म्हणजे तुमचा ८० टक्के माल एकाच टोपलीत. तुम्ही काय करणार, त्यातला थोडा उचलून हापाग-लॉइडला, थोडा एमएससीला. हेच जगभर झालं. जहाजं आणि टर्मिनल विकत घेतली की ती तुमची होतात, गिऱ्हाईक मात्र दुसऱ्या दिवशी उठून दुसरीकडे जातं, त्यामुळे या धंद्यात एक अधिक एक बऱ्याचदा दीडच भरतो.

जाता जाता एक गंमत. पीअँडओची राहिलेली बंदरं २००६ ला दुबईच्या डीपी वर्ल्डने घेतली. न्हावा शेवातलं पहिलं खाजगी टर्मिनल एनएसआयसीटी पीअँडओचंच होतं, ते असं दुबईकडे गेलं, आणि त्याच वर्षी त्याच बंदरात मर्स्क आणि आपल्या रेल्वेची कंटेनर कंपनी कॉनकॉर यांचं जीटीआय टर्मिनल चालू झालं. म्हणजे एका कंपनीची जहाजं ज्याने घेतली तो आणि तिची टर्मिनल ज्याने घेतली तो, दोघं आपल्या उरणमध्ये शेजारी.

२०१७ ला मर्स्कचे सगळे कॉम्प्युटर बंद पडले होते म्हणे? मी आयटीत आहे, याबद्दल ऑफिसात अजून बोलतात.
— वाचक, पुणे

हो, २७ जून २०१७. नॉटपेट्या नावाचा व्हायरस, मूळ रोख युक्रेनवर, तिथल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून शिरला आणि जगभर पसरला. मर्स्कचं बुकिंग ठप्प, टर्मिनलची गेट बंद, आपलं जीटीआयही त्यात होतं, ट्रकच्या रांगा लागलेल्या. कंपनीच्या चेअरमननी नंतर जाहीर सांगितलं की दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी नव्याने इन्स्टॉल केले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर. सगळ्यात भारी भाग असा की नेटवर्कचा मुख्य डेटा एका जागीच शाबूत सापडला, घानाच्या ऑफिसात, कारण हल्ला झाला तेव्हा तिथली लाइट गेलेली होती! आपल्याकडे महावितरणला शिव्या घालणाऱ्यांनी हे वाचलं पाहिजे.

तुमच्या आयटीच्या नजरेतून बघाल तर विलीनीकरणाशी याचं नातं लागतं. सगळं एका सिस्टमवर आणलं की काम स्वस्त होतं, पण पडलं तर सगळं एकदम पडतं. त्या वेळी मर्स्क हॅम्बर्ग सूद ही जर्मन लाइन विकत घेत होती, तो सौदा अजून पूर्ण व्हायचा होता, त्यांची सिस्टम वेगळी होती आणि तिला धक्का लागला नाही.

हॅम्बर्ग सूदचे लाल डबे आवडायचे. ती का विकली गेली?
— निवृत्त सर्व्हेअर, ठाणे

ही १८७१ ची जर्मन कंपनी, दक्षिण अमेरिकेच्या मार्गावर तिचा दबदबा, आणि मालक ओटकर घराणं. डॉ. ओटकर म्हणजे तेच, बेकिंग पावडर, पिझ्झा आणि आपल्याकडे फनफूड्सचं मेयोनीज विकणारे. २०१६ मध्ये भाडी इतकी पडली होती की कोरियाची हानजिन ऑगस्टच्या शेवटी दिवाळखोरीत गेली, तिच्या जहाजांना बंदरं आत घेईनात, माल समुद्रात अडकून पडला. ते बघून कुठल्याही कौटुंबिक मालकाला वाटणारच की आता यात पुढे पैसा ओतत राहण्यापेक्षा सुटका बरी. डिसेंबर २०१६ ला सौदा जाहीर झाला, नोव्हेंबर २०१७ च्या शेवटी पूर्ण, किंमत ३७० कोटी युरो.

यावेळी मर्स्क शहाणी झालेली होती. ब्रँड वेगळा ठेवला, सेल्सची माणसं वेगळी ठेवली, गिऱ्हाइकाला पहिली काही वर्षं जाणवूही दिलं नाही. आतून जहाजं, डबे, बंदराचे करार एकत्र करून खर्च वाचवला. नाव बंद करायची घोषणा थेट जानेवारी २०२३ ला केली, त्याच वेळी सीलँडचंही. माझ्या मते मर्स्कने केलेल्या सगळ्या सौद्यांत हा सगळ्यात नीट झालेला, आणि नीट झाला तो २००५ चं तोंड पोळलेलं असल्यामुळेच. लाल डबे अजून दिसतील काही वर्षं, डब्याचं आयुष्य असतं, कोण रंगवत बसतंय.

एवढ्या कंपन्या एक होतात, सरकारं काही बोलत नाहीत का?
— वाचक, कोल्हापूर

बोलतात. हॅम्बर्ग सूदच्या वेळी मर्स्कला आपली ब्राझीलमधली मर्कोसुल ही कंपनी विकावी लागली, ती फ्रेंच सीएमए सीजीएमने घेतली. त्याआधी मर्स्क, एमएससी आणि सीएमए सीजीएम या पहिल्या तिघांना मिळून पी-थ्री नावाची युती करायची होती, अमेरिकेने हो म्हटलं, युरोपने अडवलं नाही, आणि जून २०१४ ला चीनने नाही म्हटलं. विषय संपला. मग फक्त मर्स्क-एमएससीची टू-एम झाली, ती २०१५ पासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत चालली. लक्षात घ्या, युती म्हणजे विलीनीकरण नव्हे, जहाजातली जागा वाटून घ्यायची, भाडं मात्र ज्याने त्याने आपापलं लावायचं. आता मर्स्कची जोडी हापाग-लॉइडबरोबर आहे, जेमिनी नावाने, फेब्रुवारी २०२५ पासून.

मुलगा एमएससीच्या जहाजावर आहे. आमची कंपनी एक नंबर म्हणतो. मर्स्क कधीपासून मागे पडली?
— एक आई, रत्नागिरी

मुलगा बरोबर सांगतोय ताई. जानेवारी २०२२ ला एमएससीची क्षमता मर्स्कच्या पुढे गेली. आणि ज्या पद्धतीने गेली ते फार मजेशीर आहे.

जानलुइजी आपोन्ते हा इटालियन माणूस, स्वतः दर्यावर्दी, १९७० ला त्याने पॅट्रिशिया नावाचं एक जुनं जहाज घेऊन धंदा सुरू केला. कंपनी आजही कुटुंबाचीच, ऑफिस जिनिव्हाला, शेअर बाजारात नाव नाही, त्यामुळे दर तीन महिन्यांनी कुणाला आकडे दाखवायला नकोत. मर्स्क जेव्हा कंपन्या घेत होती तेव्हा हे जुनी जहाजं घेत होते. दुसऱ्या एखाद्या मोठ्या लाइनला गिळलंय असं यांच्या इतिहासात दिसतच नाही. २०२० च्या उत्तरार्धापासून, कोविडमध्ये भाडी आकाशाला भिडायला लागली तशी त्यांनी सेकंडहँड जहाजांची अशी काही खरेदी लावली की बाजारात जहाज शिल्लक ठेवलं नाही, वर नव्याची ऑर्डर वेगळी. जहाज घेतलं की डबे भरायचे, बस, कुणाची सिस्टम जोडायची भानगड नाही, कुणाचे गिऱ्हाईक सांभाळायचे नाहीत. आणि हे सगळं चालू असताना कंपनीचा सीईओ कोण, तर सोरेन टॉफ्ट, जो आधी मर्स्कमध्ये अगदी वरच्या खुर्चीत होता! डिसेंबर २०२० ला तो एमएससीत रुजू झाला.

मर्स्कचा त्या काळातला रस्ताच वेगळा होता. २०१६ ला त्यांनी ठरवलं की तेल, टँकर, ड्रिलिंग यातून बाहेर पडायचं, मर्स्क ऑइल फ्रान्सच्या टोटलला ७४५ कोटी डॉलरला दिली, आणि जहाजं साधारण ४३ लाख डब्यांच्या क्षमतेवर थांबवून गोदामं, ट्रक, कस्टम क्लिअरन्स यात पैसा घातला. इथे डबा म्हणजे २० फुटी धरायचा, धंद्यात सगळं त्यातच मोजतात. २०२२ ला हाँगकाँगची एलएफ लॉजिस्टिक्स ३६० कोटी डॉलरला घेतली. म्हणजे आमच्यासारख्या फॉरवर्डरच्या ताटातच हात घातला, त्यामुळे माझं मत थोडं वाकडं असेल ते धरून चला. पण तरी म्हणतो, नंबर एक गेला म्हणून मर्स्क हरली असं मला वाटत नाही, कारण जास्त जहाजं असणं हे मंदीत ओझंच असतं. मला जास्त बोलकी वाटली ती २०२४ ची गोष्ट. जर्मनीची शेंकर ही अवाढव्य लॉजिस्टिक्स कंपनी विकायला होती, मर्स्क शर्यतीत होती, आतली कागदपत्रं तपासली आणि एकत्रीकरण अवघड जाईल असं सांगून बाहेर पडली. शेंकर डेन्मार्कच्याच डीएसव्हीने घेतली, १,४३० कोटी युरोला. २००५ ची मर्स्क असती तर डोळे झाकून घेतली असती.

आपल्या वालचंद हिराचंदांची पण जहाज कंपनी होती ना? मग भारताची मर्स्क का नाही झाली?
— शिक्षक, सोलापूर

सोलापूरकराने हे विचारायलाच हवं होतं! ५ एप्रिल १९१९ ला त्यांच्या सिंदिया कंपनीचं एस. एस. लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघालं, म्हणून तो दिवस आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. जहाज ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून घेतलेलं, पहिल्या महायुद्धात ते हॉस्पिटल शिप होतं.

पण वर जी पीअँडओ आली ना, तिने १९१४ ला ब्रिटिश इंडिया ही कंपनी स्वतःत घेतलेली होती आणि दोन्हींचा कर्ताधर्ता लॉर्ड इंचकेप. सिंदिया आली की यांनी भाडी पाडायची, इतकी की नव्याला कोळशाचा खर्च निघू नये. सिंदिया विकत घ्यायचाही प्रयत्न झाला, तो वालचंद आणि त्यांच्या भागीदारांनी हाणून पाडला, पण १९२३ च्या तहात सिंदियाला किनाऱ्यापुरतं बांधून घ्यावं लागलं. डेन्मार्कच्या मोलरच्या पाठीशी स्वतःच्या देशाचं सरकार होतं, इथे सरकारच इंचकेपच्या बाजूचं. १९२८ ला मर्स्क पनामातून आशियात येत होती तेव्हा आपली कंपनी मुंबई-रंगून करत होती, यातच काय ते आलं. स्वातंत्र्यानंतर शिपिंग कॉर्पोरेशन झालं, सिंदिया पुढे कर्जात गेली, आणि कंटेनरमध्ये ज्या काळात आंधळेपणाने पैसा ओतायला लागत होता त्या काळात ना सरकारकडे तो होता ना खाजगीवाल्यांकडे.

लाइन्स कमी झाल्या म्हणून भाडं वाढतं का? सरळ हो-नाही सांगा.
— सूत व्यापारी, इचलकरंजी

सरळ नाही सांगता येणार. वरच्या दहा कंपन्यांकडे आज जगातली पाचातले चार हिस्से क्षमता आहे, तरी हॅम्बर्ग सूद, एपीएल, ओओसीएल, जपानच्या तीन लाइन्सची मिळून झालेली वन, अशी सगळी घेणीदेणी २०१६ ते १८ मध्ये झाल्यावर लगेच भाडी चढली नाहीत. चढली ती कोविडमध्ये. मर्स्कचा व्याज आणि कर धरण्याआधीचा नफा २०२० ला ४२० कोटी डॉलर, २०२२ ला ३,०९० कोटी, आणि २०२३ ला परत ३९० कोटी. मग लाल समुद्रात हल्ले सुरू झाले, डिसेंबर २०२३ च्या शेवटी खुद्द मर्स्क हांगझोवर झाला, जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, दहा-पंधरा दिवस जास्त, आणि भाडी पुन्हा वर. फरक एवढाच की खेळाडू कमी असले की मंदीत सेलिंग रद्द करून भाव धरून ठेवणं त्यांना सोपं जातं, पूर्वी वीस जण असताना कुणीतरी फुटायचंच. तुमच्यासाठी याचा अर्थ, तळ पूर्वीइतका खोल जाणार नाही. वर्षाचा करार करत असाल तर एका लाइनबरोबर पूर्ण माल बांधू नका, थोडा स्पॉटला, म्हणजे त्या त्या वेळच्या भावाला, मोकळा ठेवा, आणि दोन लाइन्स धरताना त्या एकाच युतीतल्या नाहीत ना ते बघा, नाहीतर दोघांचा माल एकाच जहाजावर चढतो.

बुकिंग मर्स्कचं, सीएफएसला (बंदराबाहेर डबे भरायच्या गोदामाला) डबा आला त्यावर हॅम्बर्ग सूद लिहिलेलं. घ्यायचा की परत पाठवायचा?
— नवी एक्स्पोर्टर, सांगली

घ्या. डब्याच्या नंबरातल्या पहिल्या चार अक्षरांवरून मालक कळतो, मर्स्कची एमएसकेयू, हॅम्बर्ग सूदची एसयूडीयू, नेडलॉइडची पीओएनयू असायची. कंपनी विकली गेली तरी डब्यावरचा नंबर बदलत नाहीत, मालकी फक्त नोंदीत बदलते. तुम्ही बघायचं ते एवढंच की डब्यावरचा पूर्ण नंबर, सील नंबर आणि फॉर्म थर्टीनवरचा (डबा बंदरात आत सोडायला लागणाऱ्या कागदावरचा) नंबर जुळतोय का, आणि दार लावून आत उभं राहून कुठून उजेड येतोय का. उजेड आला तर मात्र नाव कुठलंही असो, बदलून मागा.